श्री शिल्लक

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जण दुकानाच्या गल्ल्यावर बसले आहेत? नुसतं बसणं नव्हे हं! सुट्टे पैसे मोजायचे, वही लिहायची आणि रात्री फळ्या लावायच्या आधी हिशेब जुळवायचा. मी बसले आहे. नववीची परीक्षा संपल्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत. आणि तिथे बसून मी एक मोठी चूक केली. गंमत म्हणजे तिथून पुढे माझी एकही बेरीज चुकली नाही, एकही वजाबाकी चुकली नाही. कोड्यात बोलतेय असं वाटतंय ना? सांगते सगळं. पण त्याआधी एका शब्दाशी तुमची ओळख करून द्यायला हवी.

आमचं दुकान वाईला होतं. एका जुन्या वाड्याच्या रस्त्याकडच्या दोन खणांत. वह्या, पुस्तकं, शाई, कंपासपेट्या, पतंगाचे कागद असला माल. १९९४ साली बाबांनी दुकानाच्या एका कोपऱ्यात एसटीडी बूथ टाकायचं ठरवलं. तुमच्यातल्या पुष्कळांनी असला बूथ पाहिलाही नसेल. काचेची एक खोली, जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी. आत फोन आणि लाल आकडे पळवणारं मीटर. बाहेर पिवळी पाटी. रात्री उशिरा फोनचे दर उतरायचे, त्या वेळी आमच्याकडे रांग लागे. मुंबईतल्या मुलाशी बोलायला आलेल्या आज्या त्या लाल आकड्यांकडे बघत इतक्या भरभर बोलायच्या, की पलीकडच्याला काय कळत असेल देव जाणे!

तर त्या बूथसाठी एक फॉर्म भरायचा होता. इंग्रजी. बाबांनी तो सरळ माझ्यापुढे सरकवला. त्यात एका रकान्यात ‘प्रिमायसेस’चा पत्ता लिहा असं होतं. मी शब्दकोश उघडला. अर्थ दिला होता, इमारत आणि तिच्याभोवतालची जागा. ठीक. दुकानाचा पत्ता लिहून टाकला.

दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून माझा आतेभाऊ आला. तो अकरावी आर्ट्सला होता आणि त्याला तर्कशास्त्र हा विषय होता. त्याचं पुस्तक चाळता चाळता मी मागच्या शब्दांच्या यादीपाशी पोचले, तर तिथे पुन्हा तोच शब्द! पुढे मराठीत लिहिलं होतं, ‘आधारविधान’. अनेक असली तर प्रिमायसेस. मला हसूच आलं. म्हटलं, “दादा, तुझ्या तर्कशास्त्रात आमचं दुकान कुठून आलं?”

दादाला सांगता येईना. उत्तर मिळालं ते वकीलकाकांकडे.

बूथसाठी जागेचा कागदही नवा करायला हवा होता. वाड्याचे मालक म्हणजे मागच्या चौकात राहणारे आजोबा. अगदी घरोब्याचा संबंध. ते, बाबा आणि वकीलकाका बसले होते आणि मी चहा घेऊन गेले होते. वकीलकाका मसुदा वाचत होते. सुरुवातीलाच जागेचं लांबलचक वर्णन. पूर्वेस गल्ली, पश्चिमेस वाड्याचा चौक, दक्षिणेस शेजारची भिंत, उत्तरेस बोळ. एकदा ही चतुःसीमा सांगून झाली, की पुढे प्रत्येक कलमात नुसतं ‘सदर जागा’. सदर जागेचे भाडे, सदर जागेची दुरुस्ती, सदर जागेत करावयाचा धंदा.

मी धीर करून त्यांना माझं कोडं घातलं. वकीलकाका खूश झाले. म्हणाले, “अगं, उत्तर तुझ्या कानावरूनच गेलं की आत्ता! सदर म्हणजे काय? आधी सांगितलेलं. इंग्रजांचे वकीलही असंच करीत. दस्ताच्या सुरुवातीला मिळकतीचं वर्णन करायचं आणि पुढे तिला ‘प्रिमायसेस’ म्हणायचं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एवढाच, की आधी मांडलेलं. लोकांनी शेकडो वेळा ऐकलं, की प्रिमायसेस विकले, प्रिमायसेस भाड्याने दिले. मग त्यांना वाटायला लागलं, की प्रिमायसेस म्हणजे घर आणि आवारच! तर्कशास्त्रवाल्यांनी मात्र मूळचा अर्थ धरून ठेवला. निष्कर्ष काढायच्या आधी जे मांडायचं, ते.”

आणि मग त्यांनी समोर बोट दाखवलं. “आपण बसलोय ती जागा कोणती?”

आम्ही वाड्याच्या सदरेवर बसलो होतो! दिंडी दरवाजातून आत आल्यावर समोरची, लोकांची कामं जिथे चालतात ती बैठकीची जागा. रायगडावर जशी राजसदर, तशी वाड्यावाड्यातून ही छोटी सदर. मूळ अरबी शब्द, अर्थ छाती, पुढचा भाग. म्हणजे बघा, पुढे असते ती सदर आणि आधी सांगितलं तेही सदर. एकाच शब्दात जागाही आणि आधीचं बोलणंही. आपल्या मराठीने ही करामत इंग्रजीला न विचारता केली आहे! (आणि हो, साप्ताहिकातल्या ठरलेल्या मजकुरालाही आपण सदरच म्हणतो. तिसरा अर्थ, फुकटात!)

त्या बैठकीतली आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. दुकानापुढे एक दगडी ओटा होता. उन्हाळ्यात त्यावर बाबा वह्यांचे गठ्ठे मांडत. वकीलकाकांनी विचारलं, “ओटा धरायचा की नाही?” मालक आजोबा म्हणाले, “तो काय लिहायचा! तो गृहीतच आहे.” वकीलकाका म्हणाले, “आजोबा, तुम्ही आहात तोवर गृहीत आहे. मला लिहू द्या.” आणि त्यांनी ‘पुढील ओट्यासह’ हे दोन शब्द वर चढवले.

तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

दादाच्या तर्कशास्त्राने मात्र मला झपाटून टाकलं. तो आठ दिवस राहिला आणि रोज मला एकेक युक्तिवाद घालायचा. सगळे पक्षी उडतात. शहामृग हा पक्षी आहे. म्हणून शहामृग उडतो. “बरोबर की चूक?” मी म्हटलं, “चूक! शहामृग कुठे उडतो?” दादा म्हणाला, “युक्तिवाद एकदम वैध आहे. पहिली दोन विधानं मान्य केलीस ना, की तिसरं मान्य करावंच लागतं, सुटका नाही. खोट आहे ती पहिल्या विधानात.” मला हे फारच विलक्षण वाटलं. म्हणजे रस्ता अगदी सरळ असू शकतो आणि तरी माणूस भलत्याच गावाला पोचतो, कारण तो निघालाच भलत्या गावाहून!

आपल्याकडच्या न्यायशास्त्रातलं उदाहरण तर तुम्ही ऐकलंही असेल. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. ह्याचं उलट करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणायला जाल तर फसाल. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा आठवा. विस्तव आहे, धूर नाही. आणि त्याहून साधी फसगत म्हणजे जे दिसलं तो धूरच नव्हता ही. आमच्या पांडवगडावर पावसाळ्यात धुक्याचे लोट चढतात, ते पाहून कुणी आग विझवायला घागरी घेऊन धावला तर? त्याच्या विचारात चूक नाही. चूक पाहण्यात आहे, पहिल्याच पायरीवर.

वाईत हा विषय जणू हवेतच होता. लक्ष्मणशास्त्री जोशी आमच्या गावचे. मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी इथूनच उभं केलं. सगळे त्यांना तर्कतीर्थ म्हणत. मला कित्येक वर्षं वाटायचं, की तर्कतीर्थ हे त्यांचं आडनाव असेल, नाहीतर एखादं तीर्थक्षेत्र तरी! ती पदवी आहे, १९२३ साली कलकत्त्याला जाऊन मिळवलेली, तर्कशास्त्रातली, हे मला दादाकडून कळलं. मग काय, मलाही वाटायला लागलं, की आपणही थोड्याफार तर्कतीर्थच!

आता मे १९९६. शाळा सुरू व्हायच्या आधी वह्यांचा माल भरायचा म्हणून बाबा दोन दिवस पुण्याला अप्पा बळवंत चौकात गेले. दुकान माझ्यावर आणि मामांवर सोपवून. मामा म्हणजे आमच्याकडे कामाला असलेले गृहस्थ. माझे सख्खे मामा नव्हेत. अख्खी गल्लीच त्यांना मामा म्हणायची. माझ्या जन्माआधीपासून ते दुकानात होते. मला ‘पोरी’ म्हणायचे, आणि शाळेतून येताना मी ओट्यावर दप्तर टाकलं, की काही न बोलता ते उचलून आत ठेवायचे.

वही लिहायचं काम माझं. जुन्या पद्धतीची रोजकीर्द. तुम्हाला माहीत आहे का, तिच्यात प्रत्येक दिवसाच्या पानावर सगळ्यात वर काय लिहितात? ‘श्री शिल्लक’. म्हणजे काल रात्री गल्ल्यात उरलेली रक्कम. ती आधी मांडायची, तिच्यात दिवसभराची जमा मिळवायची, खर्च वजा करायचा. येईल तो आकडा आणि गल्ल्यातले पैसे जुळले, की देवाला नमस्कार करून फळ्या लावायच्या.

त्या रात्री जुळेनात. वहीप्रमाणे २५८५ रुपये हवेत आणि गल्ल्यात २१३५. साडेचारशे रुपये कमी! त्या काळी साडेचारशे म्हणजे थोडेथोडके नव्हेत. मी पुन्हा बेरीज केली. पुन्हा वजाबाकी केली. फोनच्या चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. तीनदा. तिन्ही वेळा तेच उत्तर.

मग मी तर्क चालवला. हो, अगदी तसाच, कागदावर, ओळीखाली ओळ लिहून. गल्ल्यात इतके पैसे असायला हवेत. ते नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतले. गल्ल्याला हात लावणारे तिघंच. बाबा पुण्याला. मी घेतलेले नाहीत. म्हणून...

मामा बाहेर ओट्यावरचे गठ्ठे आत आणत होते. मी त्यांना हाक मारली आणि विचारलं. म्हणजे विचारलं असंही नाही म्हणता येणार. मी म्हटलं, “मामा, साडेचारशे रुपये कमी आहेत. बाबा नव्हते आणि मी घेतले नाहीत.”

एवढंच. पुढचं वाक्य मी बोललेच नाही. बोलायची गरजच नव्हती ना! दोन विधानं मांडली की तिसरं आपोआप येतं.

मामांनी गठ्ठा खाली ठेवला. खुंटीवरची आपली पिशवी काढली आणि माझ्यासमोर काउंटरवर उलटी केली. जेवणाचा रिकामा डबा, चष्म्याचं घर, तंबाखूची चंची, किल्ली. मग सदऱ्याचा खिसा उलटा केला. त्यात एक रुपयाचं नाणं आणि कसलीशी चिठ्ठी होती. सगळं पुन्हा पिशवीत भरलं. नेहमीसारख्या एकेक करून फळ्या लावल्या, कुलूप ओढून पाहिलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

बाबा रात्री परतले. मी सगळं सांगितलं, कागदही दाखवला. खरं सांगू? थोडा अभिमानही वाटत होता मला. बाबांनी कागद बाजूला ठेवला आणि वही घेतली. बेरजेकडे त्यांनी पाहिलंच नाही. पानाच्या अगदी वर बोट ठेवलं आणि मग मागचं पान उलटलं. मागच्या पानावर, शेवटच्या ओळीत, त्यांच्या अक्षरात होतं १३८०. नव्या पानावर, पहिल्या ओळीत, माझ्या अक्षरात होतं, ‘श्री शिल्लक १८३०’.

सकाळी दुकान उघडताच कुणीतरी फोनसाठी घाई करत होतं, तेवढ्यात मी तो आकडा उतरवून घेतला होता. तीन आणि आठ यांची अदलाबदल. बस्स!

बाबा म्हणाले, “साडेचारशेला नवाने भाग जातो का बघ.” जातो, पन्नास वेळा. “फरकाला नवाने भाग गेला, की आधी आकडे उलटेपालटे झालेत का ते बघायचं. जुने मुनीम हेच करतात.” (तुम्ही करून पाहा. ३८ आणि ८३, फरक ४५. ५२ आणि २५, फरक २७. कुठलेही शेजारशेजारचे दोन अंक उलटवा, फरकाला नवाने भाग जातोच. का, ते मात्र तुम्हीच शोधा. दशकाची आणि एककाची किंमत लिहून पाहिलीत की सापडेल.) मग जरा थांबून बाबा म्हणाले, “तुझं खाली कुठेच चुकलेलं नाही. म्हणून तर तुला सापडलं नाही.”

मी तीनदा तपासलं होतं ते सगळं दुसऱ्या ओळीपासून खालचं होतं. पहिली ओळ मी एकदाही तपासली नाही. ती आधीच मांडलेली होती ना!

आणि दोस्तांनो, इथपर्यंत आलेच आहे तर उरलेलंही सांगून टाकते. माझ्या त्या कागदावर एक विधान लिहिलेलंच नव्हतं. ‘मी घेतले नाहीत’ हे मी मला न विचारता मान्य केलं. बाबांना तर गृहीतच सोडून दिलं. पैसे कदाचित कमी नसतीलच, माझंच काही चुकलं असेल, हा विचार मनाला शिवला नाही. पण मामांचं नाव यायला मला एक मिनिटही लागलं नाही. का? कारण त्यांच्या सदऱ्याला ठिगळ होतं. हे मी कागदावर लिहिलं असतं तर माझी मलाच लाज वाटली असती आणि तिथेच हात थांबला असता. लिहिलं नाही म्हणून ते चाललं. वकीलकाकांनी तो ओटा मुद्दाम का लिहून घेतला, ते मला त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कळलं.

सकाळी बाबा मला घेऊन नदीपलीकडे मामांच्या घरी गेले. मामा अंगणात घेवड्याच्या शेंगा निवडत होते. बाबांनी मला पुढे केलं. मी म्हटलं, “मामा, पैसे कमी नव्हतेच. मी आकडा चुकीचा लिहिला होता.” मामा म्हणाले, “असं होय. मग बरं झालं.” आणि शेंगा निवडत राहिले. मामींनी चहा दिला. मला माफ करा म्हणायचं होतं, पण त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही.

आठ दिवसांनी मामा कामावर आले. सगळं पूर्वीसारखं करायचे, पण गल्ल्याला हात लावायचे नाहीत. गिऱ्हाइकाने पैसे दिले तर ते गिऱ्हाइकालाच म्हणायचे, “तिकडे द्या.” आणि मला ‘पोरी’ म्हणायचे बंद झाले. ‘ताई’ म्हणायला लागले, ‘अहो ताई’.

बूथचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तोही एका आधारविधानावर उभा होता, आणि तेही कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. बोलायचं असेल तर माणूस चालत फोनपाशी येतो, हे ते विधान. १९९४ साली ते सोळा आणे खरं होतं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना आपल्या देशातला पहिला मोबाइल फोन केला. बाबांनी ती बातमी वाचली आणि घडी घालून पेपर रद्दीत टाकला. त्यांचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. आलेला फोन घ्यायलासुद्धा पैसे पडायचे, असला फोन वाईत कोण घेणार? पण २००३ साली आलेले फोन फुकट झाले, आणि बघता बघता फोनच माणसाबरोबर चालायला लागला. रात्रीची रांग आखडत आखडत दोघांवर आली, मग एकावर. हिशेब रोज जुळत होता. रोजची श्री शिल्लक बरोबर होती. फक्त ज्या गोष्टीवर धंदा उभा होता ती खालून सरकून गेली होती. शहामृगाचं विधान पहिल्यापासूनच खोटं होतं. हे मात्र खरं असलेलं हळूहळू खोटं झालं. ते ओळखणं जास्त अवघड, असं मला वाटतं.

२००६ साली आम्ही बूथ काढून टाकला. तोवर मी नोकरीला लागले होते, सुट्टीवर घरी आले होते. भंगारवाल्याने काचा वेगळ्या केल्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या तराजूत टाकल्या आणि पैसे समोर उभ्या असलेल्या मामांच्या हातात दिले. मामा आता बरेच थकले होते. त्यांनी त्या नोटा तशाच माझ्यापुढे धरल्या.

“मोजा, ताई.”

“राहू दे मामा, मोजायला कशाला हवेत?”

“मोजा.”

मी मोजले.